आजोबांच्या ट्रंकेतले रिव्हॉल्व्हर आणि कॅमेरा

छंद आणि संग्रह : वाचकांचे प्रश्न

जुन्या घड्याळांची छायाचित्रे कशी काढावीत, याविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून जुन्या रिव्हॉल्व्हरविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. शस्त्रांचा विषय नाजूक असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर एका लोखंडी ट्रंकेत आजोबांचे रिव्हॉल्व्हर, त्याचे चामडी म्यान आणि परवान्याची जुनी वही सापडली. आजोबांना जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली. रिव्हॉल्व्हर गंजले असून त्याचा घोडा (काडतुसावर आदळणारा भाग) हलत नाही. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू असल्याने ती पुरावस्तू म्हणून घरात ठेवता येईल ना? त्याची छायाचित्रे काढून नातेवाइकांना पाठवावीत, असे मुलाचे म्हणणे आहे. (दक्षिण कसबा, सोलापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन समजुती एकत्र आल्या आहेत आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत. वस्तू शंभर वर्षांची झाली म्हणून ती शस्त्र कायद्यातून सुटत नाही, आणि ती आज चालत नाही म्हणूनही सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत आहे हे खरे. पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी त्या सवलतीची अट आहे. गंजून अडकलेला घोडा कुशल कारागीर एका दुपारीत मोकळा करू शकतो. त्यामुळे आपले रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसते की नाही, हे आपण किंवा मी ठरवू शकत नाही; तो निर्णय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा आणि तज्ज्ञ तपासणीचा आहे.

तोवर आपल्या घरात विनापरवाना शस्त्र आहे, असेच धरून चालावे. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही, ते शस्त्र विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. मात्र रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून तडक ठाण्यात जाऊ नका. परवान्याची वही, आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि शस्त्र केव्हा व कोठे सापडले याचा लेखी अर्ज घेऊन आधी रिकाम्या हाताने जा, आणि ते कसे आणायचे किंवा कोणी न्यायचे, हे तेथील अधिकाऱ्यांना विचारा. जमा केल्याची पावती घ्या. तिच्यावर शस्त्राचा क्रमांक आणि त्याची स्थिती लिहिलेली असावी, असा आग्रह धरा. पुढे वारस म्हणून परवाना मागता येतो. शहराच्या हद्दीत तो पोलीस आयुक्तालयाकडे मागायचा आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. परवाना मिळाल्यावर शस्त्र परत घेता येते, किंवा बाळगण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीला विकता येते. ठरावीक मुदतीत यांपैकी काहीच केले नाही, तर ते शासनजमा होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते, हेही कुटुंबात आधीच बोलून घ्यावे. आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. ०.३८० किंवा ०.४५५ ची सैनिकी काडतुसे ज्यांत बसतात अशी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) मोडतात, आणि इंग्रज अमदानीतील पुष्कळ रिव्हॉल्व्हर नेमकी याच बोअरची असतात.

आता छायाचित्रांविषयी. रिव्हॉल्व्हरला हात न लावता, ट्रंकेत ते ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत दोन-तीन छायाचित्रे काढावीत. ती आपल्या अर्जालाही उपयोगी पडतील आणि ‘ही वस्तू आम्हाला अशी सापडली’ याची नोंदही राहील. ती नातेवाइकांना मात्र सध्या पाठवू नयेत. घोडा हलतो का, हे पाहण्याचा मोहही टाळावा. नळीत किंवा फिरत्या चक्राच्या कप्प्यात जुने काडतूस अडकलेले असू शकते आणि शंभर वर्षांपूर्वीची काळी दारूसुद्धा कोरडी राहिली असेल, तर पेट घेते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांकडून रीतसर नावावर झालेले ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. त्याच्या वरच्या पट्टीवर ‘मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता’ अशी अक्षरे असून नळीवर मुकुटाखाली ‘एनपी’ असे दोन बारीक वर्ण आहेत. एका बाजूला पंख असलेल्या गोळीचे चित्र आहे. ते कलकत्त्यात बनले असे सगळे सांगतात. त्याचे वय कसे ओळखावे? (होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण आपण किंमत विचारली नाही, खुणा विचारल्या. जुन्या रिव्हॉल्व्हरचा संग्रह म्हणजे खरे तर या खुणांचाच संग्रह असतो.

पट्टीवरचे नाव सहसा विक्रेत्याचे असते. कलकत्त्याच्या मॅन्टन, रॉडा यांसारख्या पेढ्या इंग्लंडहून तयार शस्त्रे मागवून त्यांवर आपले नाव कोरून विकत असत. आपल्या रिव्हॉल्व्हरचा कर्ता सांगते ती पंखांची गोळी. ती बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची खूण आहे. वेब्ली अँड स्कॉट हे जोडनाव १८९७ च्या विलीनीकरणानंतरचे आहे. वयाचा उलगडा मात्र त्या दोन बारीक वर्णांतून होतो. बर्मिंगहॅम येथे १८१३ मध्ये शस्त्रांची चाचणी करणारे गृह स्थापन झाले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून पाहत आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का मारत. धूररहित दारूच्या चाचणीचा मुकुट आणि ‘एनपी’ हा शिक्का तेथे १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये त्याची जागा ‘बीएनपी’ या शिक्क्याने घेतली. म्हणजे आपल्या रिव्हॉल्व्हरची ही चाचणी या पन्नास वर्षांत कधीतरी झाली आहे. ‘चाचणी’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण जुन्या शस्त्राची पुढे पुन्हा चाचणी होऊन त्यावर नवा शिक्का बसल्याची उदाहरणे आढळतात. नळीवर किंवा सांगाड्यावर बाणाचे चिन्ह कोठे आहे का, तेही भिंगाने पाहावे. बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण आणि बाणाबरोबर ‘आय’ हे अक्षर असल्यास ती हिंदुस्थान सरकारची. ती नसेल, तर आपले रिव्हॉल्व्हर खासगी विक्रीतले आहे, असे मानायला हरकत नाही.

इतर वाचकांसाठी थोडे अधिक लिहितो. आपल्याकडील जुन्या घरांतून निघणारे खिशातले आखूड रिव्हॉल्व्हर पुष्कळदा ‘बुलडॉग’ घडणीचे असते. ही घडण वेब्लीने १८७२ मध्ये आणली आणि बेल्जियममधील लिएज शहराच्या कारागिरांनी तिच्या अगणित नकला केल्या. लिएजचा शिक्का म्हणजे लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही तीन अक्षरे. १८९३ पासून त्या लंबवर्तुळावर मुकुट चढला, त्यामुळे मुकुट आहे की नाही एवढ्यावरून शिक्का १८९३ आधीचा की नंतरचा, हे सांगता येते. सैनिकी वेब्लीची मालिका १८८७ मध्ये ०.४५५ बोअरने सुरू होते आणि १९१५ च्या सहाव्या आवृत्तीत पूर्वीची पक्ष्याच्या चोचीसारखी मूठ जाऊन चौकोनी मूठ येते. १९३० च्या दशकातील, इंग्लंडच्या सरकारी कारखान्यातील एन्फिल्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरची शेपटी कापलेली दिसली, तर ते मोडलेले समजू नये. १९३८ पासून रणगाड्यांतील सैनिकांना अडकू नये म्हणून घोडा तसाच घडवला जाऊ लागला. त्याही आधीचा, स्फोटक मसाला भरलेल्या चिमुकल्या धातूच्या टोपीवर घोडा पडून दारू पेटण्याचा काळ पाहायचा, तर ॲडम्स, ट्रँटर आणि कोल्ट या निर्मात्यांची नावे लक्षात ठेवावीत. ट्रँटरच्या एका घडणीत दोन चाप असतात, खालच्या चापाने घोडा उचलायचा आणि वरच्याने सोडायचा. सॅम्युएल कोल्टने १८५३ ते १८५६ एवढीच काही वर्षे लंडनमध्ये कारखाना चालवला, त्यामुळे नळीवर ‘कर्नल कोल्ट, लंडन’ असा पत्ता असलेली वस्तू तिच्या अमेरिकी भावंडांहून वेगळी मोजतात.

शेवटी सावधगिरीचे एक वाक्य. वायव्य सरहद्दीकडे (आजच्या पाकिस्तानात) हाताने घडवलेल्या नकला पूर्वीपासून होत आल्या आहेत आणि त्यांवरचे शिक्केही नकली असतात. इंग्रजी अक्षर उलटे पडले आहे, नावाचे स्पेलिंग चुकले आहे किंवा रेघा एकसारख्या खोलीच्या नाहीत, असे दिसले, तर बाकी सारे कितीही सुंदर असले तरी थांबावे.

प्रश्न : लोखंडावरचा गंज काढण्यासाठी चिंच किंवा लिंबू चालेल का? आमच्याकडे देवघरातील पितळ त्यानेच लख्ख होते. (भवानी पेठ, सोलापूर)

उत्तर : अजिबात चालणार नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरचा निळसर काळा रंग हा वरून दिलेला रंग नसतो. तो पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणि नियंत्रणाने तयार केलेला लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. चिंचेतील किंवा लिंबातील आम्लाला तांबडा गंज आणि हा काळा थर यांत फरक करता येत नाही, ते दोन्ही विरघळवते. पितळ उजळवण्याच्या पुडी आणि पॉलिशने तर कोरीव अक्षरांच्या कडाही झिजतात. काही वर्षांपूर्वी एका परिचितांकडे लिएजच्या शिक्क्याचे छायाचित्र काढण्यासाठी गेलो, तर पाहुणा येणार म्हणून घरच्यांनी ते रिव्हॉल्व्हर आदल्या दिवशी घासून चांदीसारखे केले होते आणि मुकुट होता की नव्हता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ती हळहळ आजही जात नाही.

आधी सगळी छायाचित्रे काढावीत, मग मऊ सुती कापडावर पातळ खनिज तेलाचे दोन थेंब घेऊन धूळ तेवढी टिपावी आणि तेथेच थांबावे. शस्त्र चामडी म्यानात ठेवू नये, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्याने धरून ठेवलेली ओल ही दोन्ही पोलादाला खातात. सोलापूरची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, हे आपले भाग्य आहे. पण उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरसमोरच्या कपाटात शस्त्र ठेवले, तर ते भाग्य आपण हाताने घालवतो. सप्टेंबरच्या पावसात सिलिका जेलच्या पुड्या बदलायला विसरू नये.

प्रश्न : मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. एका ग्राहकाने त्यांच्या परवान्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची छायाचित्रे मागितली आहेत. काळ्या पोलादात माझा चेहरा, ट्यूबलाइट, खिडकी असे सगळे दिसते. पोलरायझर (चमक अडवणारी, लेन्सवर लावायची काच) लावूनही फरक पडला नाही. ‘रात्रभर स्टुडिओत ठेवा आणि निवांत काढा’ असे ते म्हणतात. (नवी पेठ, सोलापूर)

उत्तर : स्टुडिओत ठेवून घेऊ नका. परवाना त्यांच्या नावाचा आहे, आपल्या नाही, आणि रात्रभर आपल्या कपाटात राहिलेले शस्त्र हा आपला ताबा ठरतो. आपणच कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी जावे. त्यांनी आपल्यासमोर फिरते चक्र उघडून सर्व कप्पे रिकामे असल्याचे दाखवावे, नळीतून पलीकडचा उजेड दाखवावा, आणि काम संपेपर्यंत त्या खोलीत एकही काडतूस नसावे. रिव्हॉल्व्हरची जागा प्रत्येक वेळी त्यांनीच बदलावी. हातात नायट्राइलचे मोजे असावेत. सुती मोजे गुळगुळीत पोलादावर घसरतात आणि घाम आत झिरपू देतात.

आता पोलरायझरविषयी. काच, पाणी, वार्निश यांवरून तिरके परतणारे किरण बऱ्याच अंशी एका दिशेत कंप पावतात, म्हणून पोलरायझर ते अडवू शकतो. उघड्या धातूवरून परतणाऱ्या किरणांचे तसे होत नाही. त्यामुळे लाकडी मुठीवरची चमक कमी झालेली आपल्याला दिसली असेल, पण नळी तशीच राहिली. पोलाद हा आरसा आहे हे मान्य करून त्या आरशाला काय दाखवायचे, ते आपण ठरवावे. वाड्याच्या ओसरीवर किंवा उत्तरेकडील खिडकीशी टेबल मांडावे, खिडकीवर मोठा बटर पेपर ताणून लावावा, म्हणजे नळीवर खिडकीच्या गजांऐवजी एक सलग, मऊ पांढरा पट्टा उमटेल. समोरच्या बाजूला पांढरे थर्माकोल उभे केले, की खालची सावली उघडते. नळीची कड पार्श्वभूमीत हरवत असेल, तर तिच्या अगदी जवळ काळ्या कार्डशीटची अरुंद पट्टी धरावी. पोलादात ती रेघेसारखी दिसते आणि आकार उठून येतो. कॅमेऱ्याभोवतीही मध्ये भोक पाडलेले काळे कापड लावावे, म्हणजे चेहरा दिसणार नाही. ट्यूबलाइट बंद ठेवावी, नाहीतर दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळतात.

लांबून छायाचित्र काढणे हा दुसरा नियम. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढले, तर नळीचे तोंड तोफेसारखे फुगते आणि मूठ बारीक होते. संग्राहकाला मापे हवी असतात, देखावा नको असतो. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, तिपाई, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि दोन सेकंदांचा टायमर ही माझी नेहमीची मांडणी आहे. मोबाइलवर काढत असाल, तर दोन किंवा तीन पटींची लेन्स निवडून मीटरभर मागे उभे राहावे. पार्श्वभूमी मध्यम करड्या रंगाची, साधी असावी. आपल्या सोलापुरी चादरीचा मला अभिमान आहे, पण तिची नक्षी रिव्हॉल्व्हरच्या नक्षीशी भांडते. मखमलीचे तंतू तर प्रत्येक स्क्रूच्या खाचेत दिसतात. पांढरी पार्श्वभूमी ग्राहकाला हवीच असेल, तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो हे ध्यानात ठेवून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश द्यावा. रिव्हॉल्व्हर एका स्वच्छ काचेवर ठेवून ती काच पार्श्वभूमीपासून हातभर उंच उचलली, तर खालची सावली चित्राबाहेर जाते. आधारासाठी मुलांच्या खेळण्यातल्या तेलकट मातीचे गोळे लावू नयेत, त्यांतले तेल लाकडी मुठीत मुरते. बारीक वाळूच्या छोट्या कापडी पिशव्या पुरतात.

शिक्क्यांसाठी मांडणी पूर्ण बदलावी. येथे मऊ प्रकाश शत्रू आहे. लहान टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाच्या पातळीत आणून अगदी तिरपा प्रकाश टाकावा आणि तो हळूहळू चहूबाजूंनी फिरवावा. डोळ्यांनी न दिसणारे अक्षर एखाद्या कोनात अचानक उभे राहते. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ घडणीच्या चक्रावर टेक्सास आणि मेक्सिको यांच्यातील १८४३ च्या सागरी लढाईचे चित्र उमटवलेले असते. वापराने आणि पुसण्याने ते बहुतेक वस्तूंवर जवळपास गेलेले असते. तिरप्या प्रकाशात मात्र त्यातील शिडांच्या रेघा परत दिसतात. चक्र थोडे थोडे फिरवून घ्यावे, दर वेळी एक छायाचित्र काढावे आणि ती ओळीने जोडावीत. अक्षरांत खडू किंवा रांगोळी भरण्याचा मार्ग काही जण सांगतात. तो मला मान्य नाही, कारण ती भुकटी ओल धरून ठेवते.

छायाचित्रे ग्राहकाला देताना त्यांतील जागेची माहिती काढून टाकावी. ती कोठे प्रसिद्ध होणार असतील, तर शस्त्राचा क्रमांक झाकावा. हे आपण स्वतःहून सांगितले, तर ग्राहकाचा आपल्यावरचा विश्वास वाढेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. जुन्या रिव्हॉल्व्हरचा फार नाद आहे, पण परवाना मिळण्याची शक्यता नाही आणि पैसेही नाहीत. मला संग्रह करताच येणार नाही का? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुम्हाला संग्रह नक्की करता येईल, आणि माझ्या मते आपल्या देशात तोच अधिक मोलाचा आहे. दोन शस्त्रांची मर्यादा असताना कोणाही एका माणसाकडे रिव्हॉल्व्हरचा इतिहास मांडता येईल एवढ्या वस्तू जमणार नाहीत. तो इतिहास छायाचित्रांच्या आणि नोंदींच्या रूपानेच जमवता येतो. सुरुवात अक्कलकोटपासून करा. तेथील राजवाड्यातील संस्थानी शस्त्रसंग्रह सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर आहे. आधी कॅमेऱ्याशिवाय जा, पाहा, वहीत चित्रे काढा आणि मग छायाचित्रांसाठी लेखी परवानगी मागा. परवानगी मिळाली नाही, तर वही तर आहेच. हाताने काढलेल्या आकृतीत डोळा जेवढा शिकतो, तेवढा कॅमेऱ्यामागे शिकत नाही.

परवानगी मिळाल्यास फ्लॅश बंद ठेवा. कपाटाच्या काचेला लेन्सचे रबरी हूड अलगद टेकवा, म्हणजे मागच्या दिव्यांचे प्रतिबिंब येणार नाही. टेकवता येत नसेल, तर येथे मात्र पोलरायझर कामाला येतो, कारण हा अडथळा काचेचा आहे. काचेकडे सरळ न पाहता बरेच तिरके उभे राहून तो फिरवा, म्हणजे एका स्थितीत प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे होईल.

प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड करा. त्यावर पाहिल्याची तारीख, ठिकाण, कप्प्यांची संख्या, नळी बिजागरीवर खाली वाकून उघडते की चक्र बाजूला निघते, मुठीचा आकार, दिसलेले शिक्के जसेच्या तसे, आणि फलकावर काय लिहिले आहे हे लिहा. फलकावरचे वर्णन आणि तुम्हाला दिसलेली खूण जुळत नसेल, तर दोन्ही वेगवेगळे लिहा आणि खोडू नका. कार्ड त्याच संध्याकाळी पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी मुकुट डावीकडे होता की उजवीकडे, हे आठवत नाही. अशी पहिली वीस कार्डे झाली, की ती मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा; मी ती वाचून शंका असतील तेथे पेन्सिलीने लिहून परत करीन.